सावळारामच्या दहाव्याचा कावळा

कुणालीचं काम तसं जगावेगळंच. शहापूर-मुरबाडात कुणी गेलं की ती त्या घरी जाऊन बसायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायची आणि गेलेल्याचं चरित्र चार पानांत उतरवायची. नवरा पंढरी पंचायत समितीचा सभापती. दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीचं भाषण त्याचं ठरलेलं, आणि भाषण म्हणजे बायकोची चार पानं. लोक म्हणायचे, सभापतींना माणसांची केवढी माहिती! आता बोला.

टोकावड्याजवळच्या पाड्यावरचा सावळाराम गेला, तेव्हा मात्र तिचं पेन अडलं. पाड्याची विहीर त्यानं एकट्यानं चार उन्हाळे खणली होती. पण निवडणुकीच्या वेळी नवऱ्याचं चरित्र छापलं, त्यात तिनंच ती विहीर नवऱ्याच्या नावावर घातली होती. विहिरीवर पाटीही त्याचीच. खरं लिहावं तर नवरा चारचौघांत तोंडघशी पडणार. तिनं विहीर गाळली. लिहिताना सारखं वाटत होतं, कुणीतरी मागं उभं राहून वाचतंय. वळून बघितलं तर कुणी नाही.

दहाव्याला भाषण झालं, पिंड ठेवला. कावळे आले, उंबरावर ओळीनं बसले, पण एक खाली येईल तर शपथ! मुलानं सांगितलं, बैल विकणार नाही. सुनेनं सांगितलं, आईला सांभाळू. ऊन डोक्यावर आलं. कावळे ओरडेनात की हलेनात. मग कुणालीच्या ध्यानात आलं, ते सगळे तिच्याचकडं बघतायत.

सावळारामची बायको धोंडूबाई जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "तुज्या कागदात काय ऱ्हायलंय, ते त्याला ठाव हाय गो."

कुणाली उठली. नवऱ्याकडं बघायचं धाडस झालं नाही. पिंडापुढं हात जोडून ती म्हणाली, "काका, विहीर तुमी खणली. आमच्या यांनी नाय. मी खोटं लिवलं."

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर उतरला.

परतताना मुरबाड येईपर्यंत पंढरी नुसता रस्त्याकडं बघत गाडी हाकत होता. आता हा घरात घेतो की माहेरी धाडतो, या धसक्यानं ती आकसून बसली होती. एवढ्यात पंढरीनं काचेतून वर बघितलं. विजेच्या तारेवर एक कावळा बसला होता.

"माज्या दहाव्याला काय लिवशील?" त्यानं विचारलं.

"खरं तेच."

त्यानं गाडी तिथूनच मागं वळवली. दिवस मावळायच्या आत पाटी उतरवायची होती.