रेशमी दोरीवरचा पायजमा

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. तेहतीस वर्षं मी नांदेडात बातमीदारी केली. लोकांच्या चुका पहिल्या पानावर छापल्या. ही चूक माझी स्वतःची, आणि ती कुठल्याच पानावर आलेली नाही.

नाही म्हणजे, एका पानावर आहे. तेच तर सांगायचंय!

तर आमची रेवती. एकुलती एक. दहावीनंतर तिला लातूरला मामाकडं ठेवलं, कारण लातूरला ठेवलं की लेकरू डॉक्टर होऊनच बाहेर पडतं असा आमच्याकडं समज आहे. ही बारावी झाली आणि म्हणाली, मला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. मामाचा घासच घशाखाली उतरेना.

"दाजी, हाटेलात जाऊन काय करणार वो लेकरू? टेबलं पुसणार?"

"पुसेल! कष्टाची लाज कसली?" मी म्हणालो. भांडण म्हटलं की मी मागं हटत नाही. विषय कुठला का असेना.

पोरगी शिकली आणि हैदराबादच्या एका जुन्या, दांडग्या हॉटेलात लागली. नाव सांगत नाही. रेल्वेनं निजामाच्या काळात स्टेशनला लागून बांधलेलं. कमानी, घुमट, संगमरवरी जिना, सगळं आहे. सहा महिने काम बघणार, पसंत पडलं तर कायम करणार. मामानं फोनवर आधीच बजावून ठेवलेलं, "कायम न्हाई केलं तर सरळ घरी आणा. यंदाच स्थळं बघायला लागू. लई झालं हाटेल."

म्हणजे बघा, पोरीचं काय काय टांगणीला लागलेलं!

त्या हॉटेलात एक चांगली पद्धत आहे. नव्या माणसाचे सहा महिने भरले की त्याच्या आईवडलांना एक दिवस पाहुणे म्हणून बोलावतात. आम्ही गेलो. रेवती स्टेशनवर घ्यायला आली. काळा कोट, केस घट्ट बांधलेले. पाया पडली आणि लगेच म्हणाली, "बाबा, एक शब्द द्या. इथं भांडायचं नाही. आज पाच वाजता साहेब माझं ठरवणार आहेत."

"मी कधी भांडतो?"

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मी ड्युटीवर आहे, पाचला चहाला भेटू," म्हणून ती गेली. कुठली ड्युटी, काय काम, मी विचारलं का? छे! मी छत बघत होतो. छत इतकं उंच, की त्यात आणखी एक मजला घालायला नगरपालिकेनं परवानगी दिली असती.

खोली तर विचारू नका. आमच्या बैठकीएवढं न्हाणीघर! पण एवढ्या खोलीत कपडे वाळत घालायला काही म्हणजे काही नाही. खिळा नाही, खुंटी नाही. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. जन्म सरकारी विश्रामगृहांत गेलेला, आंघोळ झाली की आपले कपडे आपण पिळून टाकायचे. टॉवेल, बनियन, पायजमा धुऊन मी उभा. आणि नजरेला पडली पलंगाच्या उशाशी लोंबणारी एक जाड रेशमी दोरी. खाली गोंडा. एवढ्या लांब दोरीचं काम काय? मी ती ओढली, गोंडा खिडकीच्या पितळी कडीला गाठ मारून बांधला. झाली तार!

"अहो, काय करून राहिलात?" सुनंदा, म्हणजे आमच्या सौ.

"वाळत घालून राहिलो. दिसत न्हाई?" पंखा पाचावर केला. पायजमा निशाणासारखा फडफडायला लागला.

दोन मिनिटं झाली असतील. दारावर टकटक. पिकल्या मिशांचा एक म्हातारा, पांढरा साफा, लाल पट्टा. "जी साब, क्या होना?"

"कुछ नहीं."

गेला. मी पाठ टेकतो न टेकतो, टकटक! "जी साब?"

"अरे, कुछ नहीं!"

पुन्हा! "साब, चाय? पानी? तकिया?" बिचाऱ्याला धाप लागलेली. चौथ्यांदा मी दार किलकिलं करून बोललो. पाचव्यांदा वही काढली आणि वेळा लिहायला लागलो. सातव्यांदा मी दाराला आतून कडी घातली.

"सुनंदा, पाळत आहे."

"कोणावर?"

"माझ्यावर! गेल्या महिन्यात पुलाच्या कामावर लिहिलं ना मी."

"अहो, तुमच्यावर पाळत ठेवायला कोणाला येळ हाय? पूल बी तसाच हाय."

बायकोला गांभीर्य नाही. मी पडद्यामागं बघितलं, दिव्याची झाकणं फिरवून बघितली, पलंगाखाली वाकलो. अकराव्यांदा तो आला तेव्हा मी दारातच उभा होतो. "किसने भेजा?"

"ड्यूटी अफसर भेजे साब."

"नाम?"

म्हातारा गडबडला. "नाम कायकू साब? सब खैरियत है ना?"

बघा! नाव लपवलं! तेहतीस वर्षांचा अनुभव सांगतो, जिथं नाव लपवतात तिथं पाणी मुरतंच. संताप चढला. मात्र पोरीनं बजावलेलं, भांडायचं नाही. म्हटलं, ठीक. लिहायचं नाही असं कुठं ठरलंय?

मी खाली गेलो. एसटी स्टँड असो, टपाल कार्यालय असो, मी आधी तक्रार वही मागतो. ती नेहमी कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं आणि किल्लीवाला रजेवर असतो. इथं मात्र दिवाणखान्याच्या मधोमध, नक्षीदार लाकडी घोडीवर, लाल चामड्याची वही उघडी! शेजारी पेन! माझं मन भरून आलं. मागची पानं वाचायला हवी होती? हो, हवी होती. पण चिडलेला बातमीदार कधी मागचं वाचतो का? कोरं पान दिसलं, मी सुरू झालो.

"येथील ड्युटी अधिकाऱ्याने दोन तासांत अकरा वेळा माझ्या खोलीवर माणूस पाठवला. असला प्रकार मी तेहतीस वर्षांत कुठेही पाहिला नाही. हा थेट माझ्या खासगी आयुष्यावर हल्ला आहे. सदर अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे व या कामाची योग्य दखल वरपर्यंत घ्यावी. प्रत माहितीस्तव: मा. जिल्हाधिकारी, नांदेड." खाली सही, दोन रेघा मारून.

छाती काढून वर आलो, तर तो म्हातारा बाराव्यांदा आलेला. सुनंदानं त्याला आत घेतलेलं. तो माझ्या पायजम्यापुढं हात जोडून उभा होता.

"साब, ये घंटी की डोरी है. पुराने जमाने की. इधर हिली, नीचे बजती."

पंख्याखाली पायजमा फडफडला. खाली कुठंतरी, लांब, किणकिण ऐकू आली. मी पहिल्यांदाच कान देऊन ऐकली.

"म्हंजी दोन तास तुमचा पायजमाच बोलवून राहिला होता त्यांना," सुनंदा म्हणाली.

मी ओशाळून म्हटलं, "चाचा, माफ करो. पर अफसर का नाम क्यों छुपाया?"

"आप गुस्से में थे साब. शिकायत करते बोलके डर गया. बच्ची का आज फैसला है. रेवती मैडम. आपके नांदेड के च हैं, पहचानते क्या आप?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. "ओळखता का?" तिनं विचारलं.

मी म्हाताऱ्याचा हात धरला. "चाचा... वो नीचे शिकायत की लाल किताब..."

"शिकायत की? तोबा! वो तो मेहमानों की किताब है साब. बड़े बड़े लोगां तारीफ लिखे उसमें. बड़े साब रोज पाँच बजे देखते."

घड्याळात पाचला चार कमी.

संगमरवरी जिना मी कसा उतरलो ते विचारू नका. वही गाठली. पान धरलं. आता फाडायचं! आणि हात थांबला. मित्रहो, सरकारी दप्तरातली पानं गायब होतात म्हणून सहा भागांची लेखमाला लिहिणारा माणूस मी! बरं, नाही फाडलं तर? पोरगी घरी, मामा दारात, स्थळं रांगेत. आणि सगळं बापाच्या सहीनिशी! शेवटी तत्त्व गेलं खड्ड्यात म्हणून मी कोपरा दुमडला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आइये आइये! आप लिखे क्या?"

मॅनेजर. पांढरे केस, सोनेरी चष्मा. आणि त्यांच्या शेजारी रेवती.

"वाह, मराठी!" त्यांनी माझा दुमडलेला कोपरा हातानं सारखा केला. "रेवती, आपकी जबान है. पढ़के सुनाओ हमको."

मी तिला खुणा करत होतो. कसल्या, ते मलाही माहीत नाही. तिनं पान वाचलं, मनातल्या मनात, सहीपर्यंत. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मग तिनं हिंदीत सांगायला सुरुवात केली.

"सर, लिखे हैं कि ड्यूटी अफसर ने दो घंटे में ग्यारह बार आदमी भेजा. तैंतीस साल में ऐसा कहीं नहीं देखे."

हल्ल्यापाशी ती जरा थांबली. मी डोळे मिटले.

"सीधा दिल पे लगा, लिखे हैं. अफसर का नाम जाहिर होना, और इस काम की बात ऊपर तक जाना."

"और ये नीचे?"

"कलेक्टर साहब को भी बताने वाले हैं."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "ग्यारह बार! नाम जाहिर होना बोले ना? अभी करते." त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि रेवती कायम झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या. तळवे ओले होते, आवाज विचित्र येत होता.

तेहतीस वर्षांत माझ्या एकाच तक्रारीवर जागच्या जागी कारवाई झाली, ती ही!

साहेब जाईपर्यंत रेवती हसत होती. चहा आला तशी हसायची थांबली. "बाबा, मी इथं काय काम करते, माहीत होतं तुम्हाला?"

काय सांगणार? कोण, काय, कुठं, कधी, हे अख्ख्या जिल्ह्याला विचारत फिरलो. घरातल्या एका माणसाला विचारायचं राहिलं.

आता मी सुधारलोय. फोन करतो, नीट विचारतो. कुठं हायस? काय करून राहिलीस? जेवलीस का? कोणती ड्युटी? गेल्या रविवारी असंच विचारत होतो, तर पलीकडून अगदी हॉटेलातल्या आवाजात उत्तर आलं,

"बाबा, दोन तासांत हा अकरावा फोन आहे. ती लाल वही घेऊ का जरा?"