जपून जपून झिजलेल्या स्क्रीन

साडू असूनही स्टोअरकीपरला पॅनेलवाला, म्हणजे यंत्रांच्या विजेच्या पेट्या सांभाळणारा, कळला होता, असं म्हणता येणार नाही. बायका सख्ख्या बहिणी, नोकरी एकाच कापड रंगवायच्या कारखान्यात. तरी बोलणं फ्यूज आणि वायरीपलीकडे क्वचितच गेलं.

माणूस फार काळजीचा. लावलेलं कुलूप इतक्यांदा ओढून पाहायचा की तेच खिळखिळं व्हायचं. एकदा वीज गेली, रंगाच्या टाकीवरची, तापमान सांभाळणारी स्क्रीन आपले आकडे विसरली आणि निळं कापड राखाडी उतरलं. पॅनेलवाल्याने कानाला खडा लावला. बदल असो वा नसो, स्क्रीनने सेकंदासेकंदाला सगळे आकडे मेमरीत लिहायचे, अशी सोय त्याने केली.

मग स्क्रीनच मरू लागल्या. वीज आली की पाटी कोरी. नवीत तो आणखी भराभर लिहायला लावायचा. शेवटी स्टोअरच्या कपाटात एकच उरली, आणि ते मॉडेल बनायचं बंद झालेलं. ती गेली की टाकी बंद आणि पॅनेलवाला घरी.

"दे ना, अडवून काय बसलास?"

"आधी स्क्रीनच्या कंपनीला विचार, मरतात कशाने," स्टोअरकीपर म्हणाला.

फोनवरची कंपनीची बाई शांतपणे म्हणाली, "काका, ही मेमरी लिहून लिहून झिजते. खोडून कागद फाटतो तशी. तुम्ही कितीदा लिहिता?"

पॅनेलवाल्याने फोन ठेवला. "लाइन खराब होती."

"मला स्वच्छ ऐकू आलं."

"घरी कुठे जातात रे हे कान? ताई हाका मारून दमते."

तरी त्याने शेवटची स्क्रीन बसवली ती आकडा बदलला तरच लिहिणारी. मग मेन स्विच पाडला आणि डोळे मिटून घेतले. स्विच चढवला, तर सगळे आकडे जागच्या जागी. त्याचा चेहरा मात्र कोणी अपमान केल्यासारखा.

"म्हणजे मी काळजी केली नसती, तर पहिलीच अजून चालली असती."

स्टोअरकीपरने स्क्रीनचं रिकामं खोकं उचललं. साडूपण टिकवायचं तर काही वाक्यं गिळावी लागतात.

नोकरी वाचली, यथावकाश संपलीही. निवृत्तीनंतर तो एकदाच कारखान्यात आला. पुढच्याच महिन्यात तो वारला. आला त्या दिवशी स्टोअरच्या दारात उभा होता.

"चालतेय?"

"चालतेय. बघून येतोस?"

"नको. बघितली की हात लावावासा वाटेल."

"मग बस जरा."

"नको, उशीर होतोय."

"बरं. ये."