चंद्रावर राहिलेले अण्णा

मी आज बी.ए. आहे तो मल्हारीअण्णांमुळे. ते आमच्याच कोहिनूर गावचे, धनगराच्या घरातले, पण पोट भरायचे नाटक कंपनीत. मी हैदराबादेत शिकायला गेलो तेव्हा त्यांनी मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं, आपल्या ताटातलं वाढलं. माझ्याआधी आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मासिकाच्या या सदरातले असले अनुभव मी हसून सोडून द्यायचो. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो...

अण्णांनी एका मूकपटात चंद्रावर जाणाऱ्या शास्त्रज्ञाचं काम केलं होतं. चित्रण झालं बीदरबाहेरच्या माळावर – तिथला तांबडा, भोकाभोकांचा खडक कॅमेऱ्यातून दुसऱ्याच जगातला वाटतो. शेवटी शास्त्रज्ञ चंद्रावरच मरतो. चित्रपट इतका चालला, की दुसरा भाग काढायचं ठरलं – शास्त्रज्ञ मेलाच नव्हता म्हणे! डायरेक्टर नवरेसाहेबांनी अण्णांना पुन्हा घेतलं, आणि अण्णांच्या शब्दावर मलाही, लेखनिक म्हणून.

अडचणी पहिल्या दिवसापासून. पत्र्याचा पोशाख उन्हात तापून अण्णांच्या पाठीला फोड आले. पुठ्ठ्याचं यान वाऱ्यानं उडालं ते पार जनवाडा गावाच्या वाटेवर एका तुरीच्या शेतात सापडलं. तेही चाललं असतं. पण हैदराबादहून पहिलं रीळ धुऊन आलं. आम्ही भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून ते पाहिलं.

त्यात अण्णा नव्हतेच.

नायिका हात पुढे करून बोलत होती, समोर कुणी नाही. दुर्बीण आपोआप उचलली जाऊन अधांतरी फिरत होती. अण्णा जिथे उभे होते तिथे मागचा खडक स्वच्छ दिसत होता.

"वा! एवढी ट्रिक फुकटात झाली की," कॅमेरावाले म्हणाले. कुणी हसलं नाही.

उजेड पाडायचे आरसे हलवले, नवी फिल्म लावली, पुन्हा चित्रण केलं. दुसरं रीळ आलं – तेच! शेवटी साहेबांनी पुण्याला दुसऱ्या नटासाठी तार केली. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. अण्णांना म्हणाले, "मल्हारराव, जीव तुटतो हो. पण न दिसणारा हिरो लोकांना दाखवू कसा?"

अण्णांची नाटक कंपनी केव्हाच बंद पडली होती. हे काम गेलं की सगळंच गेलं. मी त्यांच्याबरोबर माळावर गेलो, तर ते नेमके त्याच खडकापाशी थांबले, जिथे पहिल्या भागात मेले होते.

"दत्तू, मी हितंच ऱ्हायलोय रं," ते म्हणाले.

त्यांच्या कंपनीत एक रीत होती, ती त्यांनी तेव्हा सांगितली. नाटकात मेलेल्या नटाला पडदा पडल्यावर जवळच्या माणसानं घरच्या नावानं हाक मारून उठवायचं. तोवर त्यानं उठायचं नाही. पहिल्या भागाच्या वेळी इथे पडदा कुठला? त्या दिवशी ऊन उतरत होतं, साहेबांनी 'झालं' म्हटलं आणि सगळे सामान आवरायला पळाले. अण्णा आपले आपणच उठले, तोंड धुतलं.

"आधी कामून सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

"तू बी.ए. झालास. हसशील म्हणून."

मी हसलो नाही. ते खडकावर आडवे झाले, डोळे मिटले. मी म्हणालो, "अण्णा, उठा."

"असं न्हाई. ही तुझी हाक झाली. माय हाक मारायची तसं मार."

त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्यांच्यापुढे मी कधी पाय पसरून बसलो नाही, त्यांना अरे-तुरे करायचं? अण्णा हलेनात. छातीही हलत नव्हती – निदान मला तसं वाटलं. मी घाबरून ओरडलो, "मल्ल्या! ऊठ की रं, भाकर निवायलीय!"

त्यांनी डोळे उघडले. उठून बसले. मग म्हणाले, "व्हय. कुठाय भाकर?" आणि आम्ही दोघंही रडेपर्यंत हसलो.

त्याच दुपारी ते मोटारीनं गावी गेले. दुसऱ्या दिवशी, अण्णांशिवायचे कोणते तुकडे ठेवता येतील हे पाहायला साहेबांनी तीच दोन रिळं पुन्हा लावली. नवं काहीच धुऊन आलेलं नव्हतं. कोपऱ्यातला ओरखडासुद्धा तोच.

धुतलेली फिल्म बदलत नाही. मी कॉलेजातल्या प्रोफेसरांना विचारलं, कॅमेरावाल्यांनी मुंबईला विचारलं. आजवर कुणालाच उलगडा झालेला नाही... मलाही नाही. त्या दिवशी तिथेच बसून अण्णांना लिहिलेलं पत्र तेवढं देतो.

"तीर्थरूप मल्हारीअण्णांस, दत्तूचा साष्टांग नमस्कार.

अण्णा, तुम्ही दिसायलाव! दोन्ही रिळांत, पोशाखाच्या बटणांसकट. दुर्बीण तुमच्याच हातात आहे. साहेब पडद्याजवळ जाऊन हात लावून बघून आले. पुण्याच्या नटाला येऊ नका म्हणून तार गेली आहे.

पाठीला खोबरेल लावा आणि मिळेल त्या मोटारीनं या. या भागातही तुम्हाला शेवटी मारायचं साहेबांच्या मनात आहे. मारू देत. मी कॅमेऱ्याशेजारीच उभा असेन."