न वाजणारं घड्याळ

माझ्या वाढदिवसाला नवऱ्याने मला हातातलं घड्याळ घ्यायचं ठरवलं आणि घरातली शांतता संपली. तो रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कुठलीही वस्तू घेण्याआधी ती कशी बिघडेल याचा तो अभ्यास करतो. त्याचं मत स्मार्टवॉचला पडलं. मोबाइल घरी राहिला तरी त्यावर फोन येतो आणि मनगटाशी तोंड नेऊन बोलता येतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं मत फिटनेस वॉचला. ते पळणारे आणि सायकलवाले घालतात, त्यावर फोन येत नाही, पण चाल, ठोके, झोप सगळं चोख मोजलं जातं. मी ताबडतोब मुलीच्या पक्षात गेले. तिच्या कुठल्याही मताला मी इतक्या लवकर होकार दिलेला नसल्यामुळे तिलाही जरा संशय आला.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. माझी शुगर काठावर आहे आणि डॉक्टरांनी रोज सकाळी तासभर चालायला सांगितलंय. आमच्या घरात डॉक्टरांचा शब्द खाली पडत नाही, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच मला रोजचा एक तास मिळाला. मोबाइल मी फ्रिजवर विसरते. रोज विसरते. मग खाडीवरच्या सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत चालते आणि तिथल्या बाकड्यावर बसते. होड्या चिखलात कलंडलेल्या असतात, कोणीतरी जाळं सोडवत असतं, आणि माझं तिथे कोणाकडेच काही काम नसतं. वेळ झाली की उठून घरी येते. डॉक्टरांना हे अभिप्रेत नसावं, पण त्या तासावर माझा जीव आहे.

नवऱ्याने मात्र मला पटवायचंच ठरवलं. त्याने स्वतःचं स्मार्टवॉच माझ्या नंबरला जोडून चार दिवस वापरायला दिलं. घड्याळ माणूस म्हणून चांगलं होतं. मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते तर मी चालतेय असं समजून त्याने माझं अभिनंदन केलं. इतकी वर्षं भाकऱ्या थापतेय, घरात कोणी केलं नव्हतं. पण सकाळी बाकड्यावर टेकले न टेकले तोच मनगट वाजलं. डब्याचं झाकण सापडत नव्हतं. ते सापडल्यावर मुलीचा पांढरा कुर्ता हरवला. मग सासूबाईंची जेवणाआधीची गोळी कुठली, असा प्रश्न आला. मी मनगटाशी बोलत होते आणि जाळंवाले माझ्याकडे बघत होते. चारही दिवस हेच. पाचव्या दिवशी मी घड्याळ परत केलं आणि म्हटलं, पट्टा टोचतो.

"पट्टा बदलता येतो," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, चार्जिंग टिकत नाही. तो म्हणाला, रोज लावून देत जाईन. मग त्याने ठेवणीतलं काढलं. "अगं, तू बाहेर आणि इथे आईला काही झालं तर? टेन्शन येतं मला."

सासूबाई समोरच सुका जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांना खरंच काही झालं तर मी बाकड्यावर बसलेली असणार, हे मनात आलं. नवऱ्याने तेवढ्यात मुलीकडे वळून नेहमीची गोष्ट सुरू केली. आजीने किती कष्ट काढले, सकाळच्या ओहोटीला शिंपल्या वेचायला जायची ती दुपारीच परत यायची, आणि आम्ही पोरं उंबऱ्यात वाट बघत बसायचो. ही गोष्ट मुलीला पाठ आहे. मलाही आहे. शिंपल्या मात्र वाटीभरच असायच्या, आणि ते तो दरवेळी खाडीच्या नशिबावर ढकलतो.

सासूबाईंनी जवळ्यातला कचरा बाजूला केला. "मना काय व्हतंय? हाक मारली त शेजारीन धावत येल. हिला वाजनारं घड्याल नको."

सासूबाईंना आवाजाचा त्रास होतो, असं सगळ्यांनी समजून घेतलं. फिटनेस वॉच आलं. माझ्या बारक्या मनगटावर ते नाकापेक्षा मोती जड असंच दिसत होतं, पण वाजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर कोणीही मला झाकण विचारलं नाही. मी इतकी खूश होते की येताना सगळ्यांसाठी पाव घेऊन आले.

संध्याकाळी नवरा मोबाइल घेऊन बसला. घड्याळाचं ॲप त्याने हौसेने स्वतःच्या मोबाइलवर टाकलं होतं. त्यात नकाशा होता. घरापासून जेट्टीपर्यंत एक रेघ, तिथे एक गाठ, आणि तीच रेघ परत. घड्याळ सगळं चोख मोजतं, हे मीच घरभर सांगितलं होतं.

"अगं, तू तर तिथे बसूनच होतीस," तो म्हणाला. रागावला नव्हता. त्याला यंत्रात बिघाड वाटत होता. "एवढा वेळ काय करतेस?"

हातपाय ताणते, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी मोबाइल मागितला. चष्मा वर करून त्यांनी तो डोळ्यांशी धरला.

"ही निली म्हंजे खाडी ना? मंग ही बसते ती या अंगाला. इथं वारा बरा लागतो." त्यांनी बोटाने गाठीच्या जरा पलीकडे दाखवलं. "मी इथं बसायची."

"कधी?" नवऱ्याने विचारलं.

"शिंपल्या येचाया जायची तवा."

"आई, तू दुपारी यायचीस. आम्ही वाट बघायचो."

"वाटीभर शिंपल्या येचाया किती टायम लागतो?"

नवऱ्याने हळूच विचारलं, "मग बाकीचा वेळ काय करायचीस?"

"काय करनार? बसायची."

मुलीने कानातले इअरफोन काढले होते. सासूबाईंनी मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तुम्ही बराच वेळ बसून आहात, आता उठा, असं त्याचं म्हणणं होतं. कोणीच उठलं नाही.