संध्याकाळच्या जेवणाचं कार्ड

वर्धमान बोरगावे यांच्या शर्टाच्या खिशात ते कार्ड आठ दिवस होतं आणि आठही दिवस त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

पिवळ्या जाड कागदाचं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं कार्ड. वर राजारामपुरीतल्या एका नव्या शाकाहारी हॉटेलाचं नाव, खाली केळीच्या पानाचं चित्र आणि त्याखाली तीन ओळी : संध्याकाळच्या जेवणावर शेकडा पंचवीस सवलत. सवलत फक्त ताटावर, एका वेळी चार माणसांपर्यंत. वार्षिक वर्गणी रुपये साठ.

हे १९८३ सालच्या जानेवारीतलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वर्धमानराव हेडक्लार्क होते आणि तिथंच गणपतराव म्हणून टाइमकीपर होते. हॉटेल या गणपतरावांच्या मेव्हण्याचं. त्यांनी ऑफिसातल्या दहाबारा जणांच्या गळ्यात कार्डं मारली होती. वर्धमानरावांशी मात्र त्यांनी जपून घेतलं.

"पैशाचं मागनं बघू," ते म्हणाले. "शनवारपतोर ठेवा खिशात. पटलं तर घ्या, न्हाय पटलं तर द्या परत. पर पटंल की."

वर्धमानरावांचं वय सत्तावन्न. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. तीस वर्षं फौंड्रीची सगळी खरेदी त्यांच्या हाताखालून गेली होती. कोळसा कुणाकडून घ्यावा, भंगार आज उचलावं की भाव उतरायची वाट बघावी, हे ते चष्मा पुसता पुसता सांगत आणि मालक त्यावर सही करत. असा माणूस साठ रुपयांच्या कार्डापुढं अडून बसला, याचं ऑफिसात हसू झालं होतं. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं की आपण नक्की कशाला अडलोय.

खरं तर पहिल्याच दिवशी कार्ड परत करायला हवं होतं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात हॉटेलात जाऊन जेवायची रीतच नव्हती. पण महिन्यापूर्वी एक गोष्ट घडली होती, आणि ती त्यांना कार्ड परत करू देत नव्हती.

कबनूरला पुतणीचं लग्न होतं. बायकांची पंगत बसली. वर्धमानरावांची बायको राजमती पंगतीत बसलेली त्यांनी लांबून पाहिली. पानात पहिला भात पडला तोच कुणीतरी हाक मारली, काकू, तूप वाढायला कोण नाही. राजमती उठली, पदर खोचला आणि जी वाढायला लागली ती पुन्हा बसलीच नाही. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बसल्या जागी कुणी वाढलंय आणि मी जेवलेय, असं शेवटचं कधी झालं, ध्यानातच येईना."

तक्रारीचा सूर नव्हता. हरवलेली किल्ली आठवावी तशी ती आठवत होती. वर्धमानराव "हूं" म्हणाले. पण त्या दिवसापासून ते घरात जरा बघू लागले, आणि चौतीस वर्षं रोज समोर असलेलं त्यांना पहिल्यांदा दिसलं.

त्यांच्या घरी संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा नाही. थोरल्या विधवा बहिणीनं, अक्काताईंनी, हा नेम घरात कडक ठेवला होता. वर्धमानराव कंपनीच्या बसनं पावणेसहाला घरी येत. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आगेमागे जातो. तेवढ्या वेळात राजमती गरम भाकरी टाकायची, आधी त्यांना आणि अक्काताईंना वाढायची, आणि मग स्वतःचं ताट घ्यायची. कैकदा ताट घेईपर्यंत समोरच्या भिंतीवरची उन्हाची तिरीप गेलेली असायची. मग ती भाकरी गुंडाळून ठेवायची आणि तशीच निजायची. वर्धमानराव इतकी वर्षं याला तिचा नेम समजत होते. ती उपाशी राहते, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

म्हणून ते कार्ड. हॉटेलात वाढणारा दुसरा असतो. पण नुसतं उठून बायकोला हॉटेलात घेऊन जाणं हे वर्धमानरावांच्या स्वभावात नव्हतं. त्याला काहीतरी कारण हवं होतं, सबळ आणि छापील.

आणि कारण काही जुळेना. ताट सहा रुपयांचं. दोघांचे बारा, सवलत तीन. म्हणजे साठ रुपये फिटायला वीस वेळा जायला पाहिजे, आणि खरा फायदा एकविसाव्या वेळी. अष्टमी, चतुर्दशी आणि चातुर्मास वगळून एकवीस संध्याकाळी ते दोघं राजारामपुरीला जाणार होते का? शक्यच नाही. मग कार्ड तोट्याचं. पण कार्ड नसतं तर ते एकदाही गेले नसते, मग तोटा कशाच्या मानानं मोजायचा? घरच्या जेवणाच्या मानानं म्हणावं, तर घरी ज्वारी, डाळ, रॉकेल एवढ्याचीच किंमत त्यांना माहीत होती. राजमतीच्या तीन तासांची किंमत कुठून आणायची? इथं आलं की त्यांची गाडी रुतायची. बसमध्ये शेजारचा माणूस काहीतरी विचारायचा आणि ते भलतंच उत्तर द्यायचे.

शेवटी त्यांनी अक्काताईंना आडवळणानं विचारलं. ऑफिसातल्या एकानं असं कार्ड घेतलंय, त्यानं बरं केलं का, म्हणून. अक्काताई जपमाळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, तिथलं पाणी गाळलेलं असतं का, ते आधी विचार त्याला. वर्धमानरावांनी दुसऱ्या दिवशी खरंच गणपतरावांना विचारलं. गणपतराव त्यांच्याकडं बघतच राहिले.

"गाळतात की," ते म्हणाले. "दोनदोनदा गाळतात. तुमी कार्ड घेताय का हॉटेल?"

राजमतीला काय वाटतं, हे तेवढं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मग प्रश्न मिटला असता. तो तसा मिटायला नको होता, एवढंच त्यांना समजत होतं.

शुक्रवारी ते घरी आले, तर खुंटीवर राजमतीची निळ्या काठाची इरकली साडी इस्त्री होऊन आलेली. शेजारच्या धोंडुबाई दारातच भेटल्या. "मज्जा हाय बाबा तुमची," त्या म्हणाल्या. "कार्ड काढून हॉटेलात निघालाय म्हणं."

राजमतीनं शर्ट धुवायला काढताना खिशातलं कार्ड पाहिलं होतं, वाचलं होतं आणि परत होतं तसं ठेवलं होतं. ते घेतलेलंच आहे, असं तिनं धरलं होतं. मालक ज्या कागदावर डोळे मिटून सही करायचा, तसले कागद त्या खिशात असत. न ठरवलेली वस्तू तिथं असेल हे तिच्या ध्यानात येणार कसं? शनिवारी सकाळी वर्धमानरावांनी गणपतरावांच्या टेबलावर साठ रुपये ठेवले. पटलं का, असं गणपतरावांनी विचारल्यावर ते म्हणाले, "तसं काही नाही." ते खरंच होतं.

शनिवारी अर्धा दिवस. सव्वापाचला दोघं राजारामपुरीत हॉटेलात पोचले. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त सहा वाजून सोळा मिनिटांचा होता, ते वर्धमानराव पाहून निघाले होते. तासभर हाताशी होता. खिडकीजवळचं टेबल मिळालं. वाढपी आला. त्याचं नाव सयाजी, हे त्याला गल्ल्यावरून हाक आली तेव्हा कळलं. वर्धमानरावांनी कार्ड टेबलावर सरळ ठेवलं आणि दोन ताटं सांगितली.

"ताट आत्ता कुठलं, पावणं?" सयाजी म्हणाला. "ही टिफिनची येळ, नाष्ट्याची. जेवण साडेसातला."

"पण संध्याकाळचं जेवण लिहिलंय."

"व्हय की. संध्याकाळचंच. साडेसातला."

वर्धमानरावांनी कार्ड उचलून पुन्हा वाचलं. संध्याकाळचं जेवण. आठ दिवसांत त्यांनी त्या कार्डातला प्रत्येक शब्द उलटासुलटा केला होता. फक्त या दोन शब्दांवर थांबायचं त्यांना सुचलं नव्हतं. जन्मापासून संध्याकाळचं जेवण म्हणजे सूर्याच्या आत. इतर गाव ते दिवे लागल्यावर जेवतं हे त्यांना माहीत होतं, पण त्याला ते मनातल्या मनात रात्रीचं जेवण म्हणत. म्हणजे हे कार्ड वर्षभरात एकवीस वेळा काय, एकदाही चालणार नव्हतं. त्यांचे कान गरम झाले. गणपतरावांनी फसवलं म्हणावं, तर त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. आपलं चुकलं म्हणावं, तर आपण बरोबर मराठी वाचलं होतं.

"चल, निघू," ते राजमतीला म्हणाले.

राजमती उठली नाही. तिनं खिडकीबाहेर ऊन किती आहे ते पाहिलं आणि सयाजीला विचारलं, "आत्ता काय मिळतंय?"

त्यानं यादी म्हणून दाखवली. तिनं दोन साधे डोसे सांगितले, आत भाजी नको, कांदा कशातच नको. आत कुठंतरी तव्यावर काहीतरी चर्रकन वाजलं आणि राजमती खुर्चीवरून अर्धी उठली. आपण कशाला उठलो ते ध्यानात येऊन परत बसली. सयाजी पाणी आणायचं विसरला, तेव्हाही तिचा हात पाण्याचा जग उचलायला गेला, पण जग टेबलावर नव्हता. डोसे आले. पहिला घास घेतल्यावर तिनं डावा हात मांडीवर ठेवला. तो हात तिथंच राहिला. जेवताना तिचा डावा हात रिकामा असलेला वर्धमानरावांनी कधी पाहिला नव्हता.

सयाजी चटणीची बादली घेऊन फिरत होता. त्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "वाढू का, मावशी?"

"वाढ," राजमती म्हणाली.

तो तीनदा आला आणि ती तीनदा वाढ म्हणाली. तिसऱ्या वेळी पानात डोसा उरलाच नव्हता. तिनं नुसती चटणी बोटानं सावकाश खाल्ली. भिंतीवर ऊन अजून हातभर होतं.

सवलत अर्थातच मिळाली नाही. गल्ल्यावरच्या माणसानं कार्ड वाचून सभ्यपणे परत दिलं. घरी अक्काताई ताटकळत बसल्या होत्या. जेवण सूर्याच्या आत झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. वर्धमानराव हो म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते उमगलं नाही.

त्यानंतर चातुर्मास सोडून महिन्यातून एकदोन शनिवारी ती दोघं जात राहिली, सव्वापाचलाच. निघताना राजमती न चुकता विचारायची, "कार्ड घेतलंय न्हवं?" आणि टेबलावर बसलं की ते आपल्या हातानं काढून पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवायची. सयाजी आपल्याला मावशी म्हणतो आणि मागेल तितक्यांदा वाढतो, ते त्या कार्डामुळं, असं तिनं धोंडुबाईंना सांगितलेलं वर्धमानरावांच्या कानावर आलं होतं. तसं नाही, तो सगळ्यांनाच वाढतो, हे तिला सांगावं असं त्यांना अनेकदा वाटलं. पण कार्डावर काय लिहिलंय ते तिनं स्वतः वाचलं होतं; सयाजी साडेसात म्हणाला तेव्हा ती समोरच बसली होती. मग ती असं का सांगते, हे त्यांना कळेना, आणि विचारायचं धाडस होईना. न जाणो, विचारल्यावर ती कार्ड ठेवायची बंद झाली तर.

वर्ष संपलं. जानेवारीत, निवृत्तीला पंधरा दिवस असताना, गणपतराव नवी कार्डं घेऊन ऑफिसात आले. या खेपेला रंग हिरवा होता आणि वर्गणी पासष्ट. ते वर्धमानरावांच्या टेबलापाशी थांबले, पण कार्ड पुढं केलं नाही.

"मेव्हणा सांगत हुता," ते जरा ओशाळून म्हणाले. "वरीसभर जाताय, पर सवलत एकदाबी घेतली न्हाय म्हणं तुमी. मग तुमाला कशाला देऊ हे? इनाकारण भुर्दंड."

वर्धमानरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भाव सांगायच्या आधी करायचे तसं. मग खिशातून मोजून पासष्ट रुपये काढले.

"द्या," ते म्हणाले. "टेबलावर ठेवायला लागतं."

गणपतरावांना काही समजलं नाही. वर्धमानरावांनाही पूर्ण समजलेलं नव्हतं.