चौथ्या प्रश्नाचं उत्तर

वाचनकाकूंना आज सांगायचंच, असं ठरवून मी काचेआड बसलो होतो. अंधांसाठी पुस्तकं बोलती करायची, हे आमचं काम. काकू बारा वर्षं वाचतायत आणि मी त्यांचा आवाज मुद्रित करतोय. आता यापुढे म्हणे संगणकच वाचणार, हा धडा काकूंचा शेवटचा. साहेबांनी हे सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं आणि स्वतः नामानिराळे!

धडा मानसशास्त्राचा होता, प्रेरणा आणि भावना. माणसाच्या गरजांना म्हणे पायऱ्या असतात. आधी पोट, मग डोक्यावर छप्पर, मग आपली माणसं, मग मान. काय पण शोध लावलाय! पुढे आणखी एकाचं म्हणणं, दुःख झालं म्हणून आपण रडत नाही, रडतो म्हणून दुःख होतं. काहीच्या काही! काकूंचा आवाज मात्र सपाट. आमच्याकडे नियमच आहे, वाचणाऱ्याने आपली भावना मध्ये आणायची नाही. आणि चुकलंच तर एक टाळी वाजवून वाक्य पुन्हा वाचायचं. पडद्यावर टाळीची उंच रेघ दिसते, तेवढा तुकडा मी कापून टाकतो.

धड्याखाली स्वाध्याय होता.

"प्रश्न चौथा," काकू वाचत होत्या. "सकाळी अंथरुणातून तुम्हाला काय उठवतं? थोडक्यात लिहा."

पुढचा प्रश्न काही येईना.

"सोमवार आणि गुरुवार," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस पडून राहते. उठून करायचं काय? कुणाशी बोलणंच होत नाही. संध्याकाळी मग आवाज शाबूत आहे का बघायला एखादं वाक्य मोठ्याने बोलते." मग म्हणाल्या, "प्रश्न पाचवा."

टाळी वाजली नाही. मी वाट पाहिली.

सोमवार आणि गुरुवार हे त्यांचे आमच्याकडे यायचे वार. बारा वर्षांत 'पाणी हवंय का काकू' याच्यापलीकडे मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वाचन संपवून काकू बाहेर आल्या. पिशवीत चष्मा ठेवत म्हणाल्या, "गुरुवारी काय वाचायचंय हो, दादा?"

मी सांगून टाकलं. संगणकाचं, शेवटच्या धड्याचं, सगळं एका दमात. 'साहेबांनी ठरवलंय' हे तर तीनदा म्हणालो.

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "हल्ली जोडाक्षरांना अडखळते मी."

"नाही हो काकू! तुमच्यासारखं कोण वाचतं?"

त्यांनी उगीचच पिशवी उघडली, पुन्हा बंद केली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तो संगणक वाचत असताना कुणी ऐकत बसायला लागेल का? चुकतोय का ते बघायला? मी येईन. अजिबात बोलणार नाही."