दोन काळे रेनकोट

सोलापूरच्या माणसाकडे रेनकोट नसतो. आमच्याकडे पाऊस आला की माणूस जवळच्या पत्र्याखाली उभा राहतो, आणि त्याला फार वेळ उभं राहावं लागत नाही. त्यामुळे नव्वदीच्या मधल्या वर्षांत, एका ऑगस्टमध्ये, मी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत फक्त एक घडीची छत्री होती.

मला न्यायला आनंदा कांबळे आला होता. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आमची मैत्री झाली होती. राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीत तो प्राथमिक शाळेत मास्तर होता, आणि वडिलांची थोडी शेतीही बघत होता. रानडुकरं त्यांची नाचणी उकरून टाकतात आणि वाडीची माणसं मग रान हाकतात, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. एकदा मला ते बघायचं आहे असं मी उलट कळवलं. शिकारीला बंदी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यानं बोलावलं आणि मी गेलो.

माझी छत्री बघून तो म्हणाला, ही रानात कारवीच्या झुडपांना अडकून पहिल्या शंभर पावलांत फाटेल, आधी कोट घेऊ.

बाजारातल्या एका अरुंद दुकानात आम्ही तासभर घालवला. दुकानदार जाणता होता. पातळ प्लॅस्टिकचा कोट स्वस्त, पण काखेत पहिल्याच दिवशी उसवतो. नायलॉनचा हलका, पण चालताना सळसळतो. रबर लावलेल्या कापडाचा जड असतो, आत घाम येतो, पण पाणी बाहेरच राहतं. त्यानं कोट उलटा करून शिवण दाखवली. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असली तरच घ्यायचा. घालून दोन्ही हात वर करून बघायचे. टोपी डोळ्यांवर येता कामा नये. लांबी गुडघ्यापर्यंत पुरे, त्याखाली गेला तर चढणीला पायात येतो. रबरी कोट दोन रंगांत होते. नारिंगी स्वस्त होते, रस्त्याच्या कामावरच्या माणसांसाठी आणलेल्या मालातले उरलेले. काळे जरा महाग, पण परवडण्यातले.

"रंगीत नगं," आनंदा म्हणाला. "डुकराला लांबनं दिसतंय."

मी दोन काळे घेतले, एक मला आणि एक त्याला. तो नको म्हणत होता. त्याच्याकडे खोळ (खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पांघरूण) होती आणि तेवढ्यावर त्याचे इतके पावसाळे गेले होते. पण पाहुणा म्हणून मला काहीतरी द्यायचंच होतं. मी हट्ट केला.

राधानगरीची गाडी निघाली तसा पाऊस वाढत गेला. काचा नीट बसत नव्हत्या. ऊस मागे पडला, भाताची खाचरं लागली, मग नुसतं धुकं. गाडीतून उतरून दीड तास चाललो. कोटाच्या आत मी खरोखरच कोरडा होतो, आणि मला त्याचं लहान मुलासारखं कौतुक वाटत होतं.

आनंदाच्या घरी त्याची बायको सुमन आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, चुलीजवळ वाळत घातलेले कपडे. सुमनवहिनींनी नाचणीची भाकरी आणि भारंगीची (पावसात उगवणारी कडसर रानभाजी) भाजी वाढली. जेवताना दत्तू पाटील आला. त्याचं शेत आनंदाच्या बांधाला लागून होतं आणि दोघं एका बाकावर शिकलेले. वाडीतली एकुलती एक बंदूक त्याच्याकडे होती, ठासणीची. पीक राखायला म्हणून वडिलांनी परवाना काढलेला. वडील गेल्यावर तो कुणी नवा करून घेतला नव्हता. दारू भिजू नये म्हणून त्यानं नळीच्या तोंडाला फुग्याचा तुकडा ताणून बसवला होता आणि घोड्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. स्वतः मात्र जुन्या घोंगडीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर निघालो. हाकारे (आरडाओरडा करून जनावर पुढे हाकणारी माणसं) पंधरा-सोळा होते, हातात डबे आणि काठ्या. सगळ्यांच्या डोक्यावर खताच्या पोत्यांच्या पांढऱ्या खोळी. धुक्यात ती रांग बगळ्यांसारखी दिसत होती. काळे दोघंच, आनंदा आणि मी. आनंदा रांगेच्या डाव्या टोकाला गेला. मला दत्तूजवळ एका दगडाआड बसवलं.

खालून डबे वाजायला लागले. पाऊस तिरपा येत होता. वीस पावलांपलीकडचं झाड दिसत होतं आणि नव्हतं. एकदा काहीतरी जड आमच्या उजवीकडून कारवी मोडत गेलं. दत्तू वळेपर्यंत ते निघून गेलं होतं. त्यानं दात खाल्ले. मला वाटलं, आता काहीच दिसणार नाही, एवढ्या लांबून आलो ते फुकट. तेवढ्यात डावीकडे, उतारावर, झुडपाच्या बुडाशी काहीतरी हाललं. ठेंगणं, ओलं, चमकणारं.

"ते बघा, काळं," मी म्हणालो.

दत्तूनं बार टाकला.

धुरातून जो आवाज आला तो जनावराचा नव्हता. आनंदा पायाला लागलेल्या जळवा काढायला वाकला होता. रांग सोडून तो इतका वर कसा आला, हे आजही नीट कळलेलं नाही. बहुतेक धुक्यात चुकला असावा. उजव्या हातावर, छातीच्या कडेला आणि तोंडावर छर्रे बसले होते. त्याच्या अंगावरून रक्त पावसाबरोबर खाली जात होतं आणि कोटावर थेंबभरही ठरत नव्हतं.

दत्तूनं बंदूक टाकली, घोंगडी काढली आणि तिची झोळी केली. आम्ही आळीपाळीनं आनंदाला रस्त्यापर्यंत आणलं. दुधाचा टेंपो मिळाला. सुमनवहिनी धावत येऊन चढल्या. दत्तू मागेच राहिला. रस्त्यावर नुसता उभा होता, भिजत.

टेंपोत वाडीतल्या एका म्हाताऱ्यांनी सगळ्यांना बजावलं की बांबूच्या खुंटावर पडला असंच सांगायचं. बंदुकीचं नाव निघालं तर दत्तू आत जाईल, आणि मास्तरची नोकरीही जाईल. आनंदा शुद्धीवर होता. त्यानं माझी बाही ओढली आणि तेच सांगितलं, पडलो म्हणून सांग.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखमा पुसल्या, परत बघितल्या. म्हाताऱ्यांनी खुंटाची गोष्ट सांगितली. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या, बहुधा माझ्या बोलण्यावरून मी बाहेरचा आहे हे कळलं म्हणून.

"खुंटानं अशी भोकं पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते मला आत्ता कळलं पाहिजे."

"छर्रे आहेत," मी म्हणालो.

सुमनवहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

आनंदा वाचला. एक छर्रा फुप्फुसाच्या कडेला होता. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. उजवा डोळा गेला, उजव्या हाताची पकड गेली. पोलीस आले. बार कुणी टाकला, त्यांनी विचारलं. दत्तू पाटलानं, मी सांगितलं. का? त्याला डुक्कर वाटलं. तेवढ्यावर मी सही केली. तुम्ही काही बोललात का, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. जे खरं बोलायला मला धीर झाला होता, ते दुसऱ्याबद्दलचं होतं.

मी सोलापूरला परतलो. दत्तू काही महिने तुरुंगात होता. बेकायदा शिकारीत सामील झाला म्हणून आनंदाला आधी निलंबित केलं, पुढे नोकरी गेली. हे मला सुमनवहिनींच्या दोन ओळींच्या पत्रातून कळलं. मी उत्तर लिहायला बसत असे आणि उठत असे.

नऊ वर्षांनी, मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. खाली डाव्या हातानं लिहिलेलं वाकडं अक्षर होतं. ये.

फेब्रुवारीत गेलो. आता वाडीपर्यंत डांबरी सडक होती. फाट्यावर उतरलो तर दुधाच्या किटल्या घेऊन एक पिकल्या मिशांचा माणूस उभा होता. मी ओळखण्याआधी त्यानं मला ओळखलं. दत्तूनं माझी पिशवी घेतली आणि आम्ही चालायला लागलो. आनंदानं दोन म्हशी घेतल्या होत्या, त्याच्या हातात जोर नसल्यामुळे धार रोज दत्तूच काढायचा. सुटून आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो जात होता. कुणी ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हणून घालवलंही नव्हतं. बार लागला त्या दिवशी मागनं एस.टी.नं तोही दवाखान्यात आला होता, सांगायलाच, पण जिन्यातनं माघारी गेला, असं तो म्हणाला.

वाडी दिसायला लागल्यावर तो थांबला.

"पावणं, तुमचं नाव मी घेतलं न्हाय. कोर्टात बी न्हाय, आनंदाजवळ बी न्हाय. तुमी भिऊ नगा."

मी रागावलो असतो तर बरं झालं असतं. त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

संध्याकाळी हळदीची गडबड चालू असताना मी आनंदाला गोठ्याकडे घेऊन गेलो आणि सांगितलं. दगडाआड मी काय बोललो ते, जसंच्या तसं. त्याचा चांगला डोळा माझ्याकडे होता. तो म्हशीच्या पाठीवरनं डावा हात फिरवत राहिला.

"तुला खरंच डुक्कर दिसलं?" त्यानं विचारलं.

"नाही. काळं दिसलं."

"मग खरंच बोललास की," तो म्हणाला. "काळंच होतो मी." मग म्हणाला, "दत्तूला सांगू नगं मला कळलंय म्हणून. एवढी वर्सं झाकून ठेवलंय त्यानं, त्याला वाईट वाटंल."

लग्न झालं. मुलगी वारणानगरच्या कॉलनीत नांदायला गेली. मांडवात आनंदा आणि दत्तू शेजारी बसून जेवले, आणि मी समोरच्या पंगतीत होतो.

सोलापूरला परतल्यावर लोक विचारतात, कोल्हापूर पाहिलंस का. मी पन्हाळा पाहिलेला नाही. रंकाळाही धड बघितला नाही. दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा एकाच रस्त्यानं गेलो, स्टँडपासून त्या वाडीपर्यंत. एवढंच कोल्हापूर मला ठाऊक आहे. त्यातलं फाट्यापासून घरापर्यंतचं अंतर एक माणूस माझी पिशवी घेऊन चालला होता, आणि ती मला परत मागता आली नाही.